दहावी ते कारखाना, कारखाना ते कॉलेज : शिकाऊ उमेदवारीचा अभ्यास



दहावीचा निकाल लागला की पुढच्या रविवारी मिस्सानंतर चर्चच्या आवारात एकच विषय असतो. कुणाला किती टक्के पडले, कुणी कुठे नाव घातले. ज्यांच्या मुलांना भरपूर गुण मिळालेले असतात ते थांबून बोलतात. ज्यांची मुले पंचेचाळीस-पन्नास टक्क्यांवर सुटली ते पालक त्या दिवशी लवकर घरी जातात. 'आयटीआयला टाकतोय' हे वाक्य आपल्याकडे जवळजवळ कुजबुजत बोलले जाते, जणू घरात कुणाला दुखणे लागले आहे.

त्या कुजबुजीबद्दल आज थोडे बोलायचे आहे. शाळा आणि नोकरी, किंवा शाळा आणि पदवी, यांच्यामध्ये एक पूल आहे. त्याला कायद्यात शिकाऊ उमेदवारी म्हणतात, आपण बोलताना अप्रेंटिसशिप म्हणतो. हा पूल कसा बांधला गेला, त्यावरून कुठे जाता येते, आणि पाय ठेवण्याआधी कोणता कागद वाचून घ्यायचा, हे या लेखात पाहू. विषय कायद्याचा असल्याने थोडा रुक्ष वाटेल. पण जासई आणि आसपासच्या गावांतील माणसाला तो परका नाही.

जमीन गेली तेव्हा

१९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि नवी मुंबईसाठी या पट्ट्यातील भातशेती, मिठागरे, खाडीकाठची जमीन संपादित होऊ लागली. आपल्या जासईचेच सुपुत्र दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यामुळे प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित भूखंड मिळू लागले. हे सर्व इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे, नव्याने सांगण्याची गरज नाही.

मात्र त्या इतिहासातील एका गोष्टीकडे आपले लक्ष कमी गेले. जमिनीच्या मोबदल्यात भूखंड मागता येतो, तो लढून मिळवताही येतो. नोकरी मागितली तर पुढला प्रश्न येतो : कोणत्या कामाची? न्हावा-शेवाचे बंदर १९८९ मध्ये सुरू झाले ते कंटेनरचे बंदर म्हणून. मुंबईच्या जुन्या गोदीत एका जहाजातला माल उतरवायला पाठीवर पोती वाहणाऱ्या माणसांच्या टोळ्या लागत. कंटेनरच्या बंदरात तोच माल लोखंडी पेटीत येतो. क्रेनवर बसलेला एक माणूस ती पेटी उचलतो आणि ट्रेलरवर ठेवतो. म्हणजे जिथे शंभर हात लागत तिथे आता एक हात लागतो, आणि तो शिकलेला असावा लागतो. बंदराला रीच स्टॅकर चालवणारा हवा, त्याचे हायड्रॉलिक दुरुस्त करणारा हवा, मासळी नि फळे थंड ठेवणाऱ्या रीफर कंटेनरचा कॉम्प्रेसर बसला तर तो तपासणारा हवा. आपल्या अनेक मुलांच्या वाट्याला आले ते यार्डातील आणि गोदामातील कंत्राटी काम, नाहीतर गेटवरची सिक्युरिटी.

यात मुलांचा दोष मानणे अन्यायाचे ठरेल. बंदर बांधताना रस्ते आखले गेले, रेल्वे आखली गेली. शाळेच्या नववी-दहावीच्या वर्गातून त्या क्रेनपर्यंत जाणारी वाट मात्र कुणी तितक्या काळजीने आखली नाही.

आता दुसरी लाट आली आहे. अटल सेतू आणि उरणपर्यंतची लोकल रेल्वे दोन्ही १२ जानेवारी २०२४ ला खुली झाली. नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून, नाताळच्या दिवशी, तिथून विमाने उडू लागली. विमानतळ म्हटले की मुलांच्या डोळ्यांपुढे वैमानिक आणि हवाई सुंदरी येतात. पण एवढ्या मोठ्या इमारतीत वातानुकूलन, लिफ्ट, सरकते जिने, सामानाचे पट्टे, जनरेटर, पंप, धावपट्टीवरची दिव्यांची रांग, विमान ओढणारी वाहने हे सगळे रात्रंदिवस चालू ठेवावे लागते. हे काम वर्षानुवर्षे लागणारे आहे आणि ते करणारा माणूस आयटीआयमधून येतो, पॉलिटेक्निकमधून येतो.

तुरीनमधला एक कागद

शिकाऊ मुलाचा करार लिहून घ्यावा ही गोष्ट आपल्या ख्रिस्तसभेला नवी नाही. संत जॉन बॉस्को यांचा सण आपण दरवर्षी ३१ जानेवारीला साजरा करतो. त्यांच्या चित्रात ते मुलांच्या घोळक्यात हसत उभे असतात. त्यांच्या हातात एखादा मुद्रांक कागद दाखवला असता तर ते चित्रही तितकेच खरे झाले असते.

बॉस्को १८१५ साली गरीब शेतकरी घरात जन्मले. दोन वर्षांचे होण्याआधीच वडील वारले. शाळा शिकताना ते एका शिंप्याकडे सुई-दोरा शिकले, लोहाराच्या भट्टीवर राबले, पुढे किएरी गावात कॉफीच्या दुकानात काम करून शिकले. १८४१ मध्ये धर्मगुरू होऊन ते तुरीन शहरात आले. शहर वाढत होते, कारखाने उभे राहत होते, खेड्यापाड्यांतून मुले गवंड्यांच्या, सुतारांच्या, काच बसवणाऱ्यांच्या हाताखाली येत होती. ती मुले पहाटेपासून रात्रीपर्यंत राबत. मालक त्यांच्याकडून घरकाम करून घेई, मारहाण करी, आणि कसब शिकवायचे ते शिकवतच नसे. मनात आले की हाकलून देई.

फादर बॉस्को आधी त्या मुलांना रविवारी गोळा करत आणि रात्री अक्षरे व हिशेब शिकवत. आठवड्याच्या मधल्या दिवशी ते स्वतः बांधकामांवर, कारखान्यांत जाऊन मुले काय करतात ते पाहत. मग त्यांनी मालकांशी लेखी करार करायला सुरुवात केली. असा एक करार ८ फेब्रुवारी १८५२ चा आहे. एका बाजूला जुझेप्पे बेर्तोलिनो नावाचे तुरीनचे सुतार, दुसऱ्या बाजूला जुझेप्पे ओदास्सो हा मोंदोवी गावचा मुलगा, सोबत मुलाचे वडील, आणि मध्यस्थ म्हणून फादर बॉस्को. मुदत दोन वर्षांची.

त्या काळातील या करारांतील अटी आज वाचल्या तरी नवल वाटते. मालकाने ठरलेल्या मुदतीत सुतारकाम खरोखर शिकवायचे. मुलाला धंद्याबाहेरची कामे सांगायची नाहीत. चूक झाली तर शब्दांनी समजवायचे, हात उगारायचा नाही. रोजची मजुरी ठरलेली, आणि हात बसत जाईल तशी ती वाढवायची. रविवार आणि सणाचे दिवस मोकळे ठेवायचे. वर्षाला पंधरा दिवस सुट्टी द्यायची. मुलाने वेळेवर यायचे, मन लावून शिकायचे, आज्ञेत राहायचे. आणि मुलाची प्रगती कशी आहे हे फादरांनी विचारत राहायचे.

हे १८५२ साली! त्या वेळी आपल्या मुंबईत अजून आगगाडीही धावली नव्हती. यानंतर १८५३ मध्ये त्यांनी आपल्याच आवारात चांभारकाम आणि शिवणकाम यांची छोटी कार्यशाळा सुरू केली. मागोमाग पुस्तक बांधणी, सुतारकाम, छपाई, लोहारकाम आले. अनेक चरित्रांत या कार्यशाळांचे वर्णन असते, कराराचे एका ओळीत संपते. मला करार अधिक महत्त्वाचा वाटतो. कार्यशाळा सगळ्यांना उघडता येणार नाही, कागद मात्र कोणत्याही बापाला वाचता येतो, आणि वाचता येत नसेल तर धर्मग्रामात वाचून देणारे कुणीतरी असतेच.

डॉन बॉस्कोंच्या सलेशियन संघाने हे काम आपल्या भागातही आणले. कुर्ल्याला त्यांच्या केंद्रात आयटीआयचे शिक्षणही मिळते आणि अभियांत्रिकीचे महाविद्यालयही तिथे आहे. फादर एग्नेल यांच्या नावाने चालणाऱ्या संस्थेचे पॉलिटेक्निक वाशीला आहे. एकाच आवारात हातोडी आणि पदवी शेजारी नांदतात, हे आपल्या पालकांनी एकदा जाऊन पाहावे.

आपल्या देशात काय झाले

हाताच्या कामातून शिक्षण हा विचार महात्मा गांधींनी १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत मांडला. त्याआधी १९१९ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, आणि 'कमवा व शिका' ही तिची ओळख झाली. वसतिगृहातील मुलांनी शेतात राबून आपल्या शिक्षणाचा खर्च उचलायचा, यात कुणाला कमीपणा वाटत नसे. रयतचे विद्यालय जासईतही आहे, त्यामुळे ही गोष्ट आपल्या ओळखीची.

स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षणाची योजना आली आणि त्यातून आयटीआय उभ्या राहिल्या. १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवारीचा कायदा झाला. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाने दहावीनंतरच्या मुलांपैकी बऱ्याच जणांना व्यवसायाचे शिक्षण मिळावे अशी शिफारस केली. त्यानुसार महाराष्ट्रात अकरावी-बारावीला आधी द्विलक्षी आणि नंतर किमान कौशल्यावर आधारित अभ्यासक्रम आले. तुमच्यापैकी पन्नाशीच्या आसपासच्या काहींनी ते केलेही असतील. कागदावर सगळे ठीक होते. अडचण अशी झाली की चांगले गुण मिळाले की सायन्स, मध्यम मिळाले की कॉमर्स, आणि उरले ते व्यवसाय शिक्षणाला, अशी उतरंड समाजानेच लावली. ती अजून मोडलेली नाही.

ही उतरंड मोडून दाखवणारे एक काम पुणे जिल्ह्यात पाबळला झाले, त्याबद्दल थोडे सविस्तर सांगतो. डॉ. श्रीनाथ कलबाग हे हिंदुस्थान लिव्हरमधील शास्त्रज्ञ. मोठी नोकरी सोडून १९८३ मध्ये ते पाबळ या कोरडवाहू गावात आले आणि त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. गावच्या हायस्कुलात आठवी ते दहावीच्या मुलांसाठी त्यांनी 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा विषय बसवला. आठवड्यातला एक दिवस मुले पुस्तके मिटून काम करत. वेल्डिंग आणि बांधकाम, वीज आणि ऊर्जा, शेती आणि पशुपालन, घर आणि आरोग्य असे चार विभाग. शिकवायला गावातलेच कारागीर. मुले शाळेचा बाक दुरुस्त करत, कुणाच्या घरचे वायरिंग करत, माती तपासत. मुलगे आणि मुली दोघेही चारही विभागांत काम करत, म्हणजे मुलगी वेल्डिंगचा पडदा धरी आणि मुलगा स्वयंपाकाच्या वर्गात बसे.

डॉ. कलबागांचे म्हणणे असे की हाताने केले की डोक्यात शिरते. जो मुलगा भूमितीत नापास होतो तो लोखंडी दाराची चौकट काटकोनात बसवताना तीच भूमिती शिकतो. एसएससी बोर्डाने हा विषय मान्य केला आणि तो राज्यातल्या इतर शाळांतही गेला. कलबाग २००३ मध्ये वारले, आश्रमाचे काम पुढे चालू राहिले. आज राज्यातल्या अनेक शाळांत नववी-दहावीला मल्टी स्किल, ऑटोमोबाइल, आरोग्यसेवा असे व्यवसाय विषय घेता येतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही सहावीपासून मुलांना हाताच्या कामाची ओळख व्हावी असे म्हटले आहे. आपल्या मुलाच्या शाळेत असा विषय आहे का, हे पालकसभेत विचारायला काहीच हरकत नाही. बहुतेक पालकसभा फी आणि गणवेशावरच संपतात.

दार बंद होत नाही

पालकांची सर्वांत मोठी भीती अशी की आयटीआयला घातले की पुढचे शिक्षण संपले. ही भीती जुन्या माहितीवर उभी आहे.

दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड घ्या : इलेक्ट्रिशियन, फिटर, मोटार मेकॅनिक, रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंग. तो उत्तीर्ण झालेल्या मुलाला पॉलिटेक्निकच्या पदविकेला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेता येतो. पदविका झाली की अभियांत्रिकी पदवीलाही थेट दुसऱ्या वर्षात. म्हणजे जो मुलगा दहावीला पंचावन्न टक्क्यांवर थांबला तोही इंजिनिअर होऊ शकतो, आणि होईल तेव्हा त्याला स्पॅनर कसा धरायचा ते शिकवावे लागणार नाही. वेळ थोडा जास्त लागतो, हे खरे. पदविकेचे गणित आयटीआयमधून आलेल्या मुलाला जड जाते, हेही खरे. ज्यांना हा मार्ग घ्यायचा आहे त्यांनी आयटीआयच्या दोन वर्षांत गणित सोडू नये. फिरून धरणे फार कठीण जाते.

दुसरी सोय कमी लोकांना माहीत असते. आयटीआय उत्तीर्ण मुलाने राज्य मंडळाचे भाषा विषय दिले तर त्याला दहावीची किंवा बारावीची समकक्षता मिळू शकते. दहावीला अडखळलेल्या मुलांसाठी वेल्डर, वायरमन असे काही ट्रेड खुले असतात. शासकीय आयटीआयमध्ये मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव असतात. मुलींना शिवणकाम आणि ब्युटी पार्लर एवढेच सुचवणाऱ्या आत्या-मावश्यांना हे सांगितले पाहिजे. विमानतळाच्या वातानुकूलन यंत्रणेला ती मुलगा दुरुस्त करतो की मुलगी हे कळत नाही.

आपल्याला जवळच्या शासकीय आयटीआय म्हणजे उरण आणि पनवेल. शासकीय तंत्रनिकेतन पेणला आहे.

आता शिकाऊ उमेदवारी. आयटीआयमध्ये ट्रेड शिकून राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळाले की मुलगा कारखान्यात शिकाऊ म्हणून जाऊ शकतो. तिथली मुदत संपवून परीक्षा दिली की राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळते. दोन्ही प्रमाणपत्रे हाती असली की सरकारी उपक्रमांच्या भरतीत आणि परदेशीही त्याचे वजन पडते. आपल्या परिसरात ओएनजीसीचा उरण प्रकल्प शिकाऊ घेतो. मुंबईच्या नेव्हल डॉकयार्डमध्ये आयटीआय झालेल्यांसाठी परीक्षा होते. पदविका आणि पदवी झालेल्यांची शिकाऊ उमेदवारी मुंबईत शीव येथील बोर्ड ऑफ अप्रेंटिसशिप ट्रेनिंगमार्फत चालते.

आणि माझगाव डॉक. तिथे स्वतःची शिकाऊ शाळा आहे, आणि ती आयटीआय झालेल्यांबरोबर केवळ आठवी उत्तीर्ण आणि दहावी उत्तीर्ण मुलांनाही परीक्षा घेऊन प्रवेश देत आली आहे. आठवीवर रिगर आणि वेल्डर, दहावीवर फिटर, पाइप फिटर, इलेक्ट्रिशियन अशी कामे. ज्यांच्या आजोबांनी होड्या बांधल्या, डोल लावली, त्या घरातल्या मुलाने युद्धनौकेच्या पत्र्यावर वेल्डिंग करावे, यात मला एक सलगता दिसते. ही जाहिरात वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात येते आणि आपल्याकडे बहुधा तारीख उलटल्यावर कळते.

जर्मनीत ही पद्धत राष्ट्राच्या पाठीचा कणा मानली जाते. तिथला मुलगा आठवड्यातले एक-दोन दिवस व्यवसाय शाळेत आणि बाकीचे दिवस कंपनीत असतो. दोन ते साडेतीन वर्षे हे चालते, पगार मिळतो, आणि १९६९ पासून त्याला स्वतंत्र कायदा आहे. नापासांसाठीची सोय म्हणून तिच्याकडे तिथे कुणी पाहत नाही. बँकेतला कारकून आणि चष्मे बनवणारा सुद्धा याच मार्गाने तयार होतो.

कागद वाचा

बेर्तोलिनो आणि ओदास्सो यांच्यामध्ये जसा कागद होता, तसाच आजही असतो. तो शासनाच्या शिकाऊ उमेदवारीच्या पोर्टलवर नोंदवावा लागतो. मूल अठरा वर्षांखालील असेल तर करारावर पालकाची सही लागते. म्हणजे वडिलांनो, आयांनो, सही तुमची आहे. सही करण्याआधी काय पाहावे?

पहिली गोष्ट, करार आहे का? 'आधी सहा महिने ट्रेनिंग, मग बघू' असे सांगून मुलाला यार्डात उभे करणे म्हणजे शिकाऊ उमेदवारी नव्हे. नोंदणी क्रमांक नसेल तर प्रमाणपत्रही मिळणार नाही, आणि वर्ष फुकट जाईल. दुसरी गोष्ट, ट्रेड कोणता लिहिला आहे? इलेक्ट्रिशियनचा करार करून मुलाकडून गोदामात खोकी उचलून घेतली जात असतील तर तक्रार करता येते. बॉस्कोंच्या करारातले 'धंद्याबाहेरची कामे सांगायची नाहीत' हे कलम इथे आठवावे.

तिसरी गोष्ट विद्यावेतनाची. २०१९ च्या नियमांनी शिक्षणानुसार महिना किमान ५,००० ते ९,००० रुपये ठरवले. २०२५ मध्ये ते ६,८०० ते १२,३०० रुपये करावे अशी शिफारस केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने केली. करारावर त्या दिवशी लागू असलेला आकडा आहे की नाही ते आयटीआयमध्ये विचारून घ्यावे. २०१६ पासूनच्या केंद्रीय योजनेत विद्यावेतनाचा काही भाग सरकार उचलू लागले, तेव्हा मालकाला परवडत नाही ही सबब पूर्वीइतकी खरी राहिली नाही. ३० किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या आस्थापनेवर तर एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घेण्याचे बंधनच आहे. त्या मोजणीत कंत्राटी कामगारही धरले जातात. आपल्या आजूबाजूच्या सीएफएस आणि गोदामांत किती माणसे राबतात ते आठवा. या नियमाची आठवण ग्रामपंचायतीने आणि युवक मंडळांनी त्यांना नम्रपणे करून द्यावी, मोर्चा नेण्याआधी.

कायद्याच्या दोन बाजू मात्र लपवू नयेत. शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नसतो. त्यामुळे कामगार कायदे त्याला लागू होत नाहीत, फक्त सुरक्षितता, आरोग्य आणि कल्याण यांची कलमे लागू होतात, आणि कामावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकावर येते. तसेच मुदत संपल्यावर नोकरी देण्याचे बंधन मालकावर नसते. म्हणून काही ठिकाणी शिकाऊ मुलांना स्वस्त मनुष्यबळ म्हणून दरवर्षी बदलत राहतात. ही व्यवस्थेतली खोट आहे. ज्या कंपनीत आधीच्या तुकडीतल्या एकालाही पुढे घेतलेले नाही, तिथे जाताना डोळे उघडे ठेवावे, आणि शक्यतो दुसरी जागा पाहावी. मागच्या तुकडीतल्या मुलांना फोन करून विचारणे हा सोपा उपाय आहे.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ मध्ये श्रमावर एक परिपत्र लिहिले, 'लाबोरेम एक्झरसेन्स'. स्वतः तरुणपणी दगडखाणीत आणि रसायनांच्या कारखान्यात काम केलेले ते पोप. त्यांचा मुद्दा असा की कामाचे मोल ते कोणत्या प्रकारचे आहे यावरून आधी ठरत नाही, ते करणारा माणूस आहे यावरून ठरते. नासरेथच्या लोकांनी प्रभू येशूला सुताराचा मुलगा म्हणून हिणवले होते, ही शुभवर्तमानातली गोष्ट आपण दरवर्षी ऐकतो. मग घरी येऊन मुलाला म्हणतो, अभ्यास कर, नाहीतर हातात पान्हा येईल.

धर्मग्रामात करण्यासारखे

आपल्यात निवृत्त फिटर आहेत, बंदरातले क्रेन चालक आहेत, जहाजावर मोटरमन म्हणून फिरून आलेले आहेत, एसी दुरुस्त करणारे आहेत. त्यांनी मे-जून महिन्यांत रविवारच्या मिस्सानंतर अर्धा तास बाकावर बसावे, अशी सूचना आहे. भाषण नको. मुलांनी विचारावे, त्यांनी सांगावे. कुणी शिकाऊ म्हणून लागले तर बॉस्कोंप्रमाणे महिन्यातून एकदा विचारपूस करणारा एक मोठा माणूस त्याला जोडून द्यावा. 'शिकवतात का रे तुला? काय शिकलास?' एवढे दोन प्रश्न पुरे. पहिल्या तीन महिन्यांत कंटाळून, किंवा सुपरवायझरच्या एका शिवीने दुखावून, मुले घरी येतात. त्या वेळी कुणीतरी सोबत बसले तर पुष्कळदा ती परत जातात.

ज्यांना यंदा अर्ज करायचा आहे त्यांच्यासाठी शेवटचे थोडे. आयटीआयचा प्रवेश राज्याच्या व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या संकेतस्थळावरून ऑनलाइन होतो आणि दहावीच्या निकालाच्या सुमारास सुरू होतो. गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, डोमिसाइल, लागू असेल तर जातीचा दाखला, हे आताच एका पिशवीत काढून ठेवा. तहसील कचेरीतले दाखले जूनमध्ये मिळायला वेळ लागतो, मे महिन्यात रांग लहान असते. ट्रेडचे पर्याय भरताना मित्राने जे भरले ते भरू नका, मुलाला त्या आयटीआयमध्ये नेऊन यंत्रे दाखवा आणि मग त्यालाच क्रम लावू द्या. आणि सायबर कॅफेत फॉर्म भरताना मोबाइल क्रमांक दुकानदाराचा देऊ नका, घरचा द्या. प्रवेशाच्या फेरीचा संदेश त्याच क्रमांकावर येतो, आणि मुदतीत हजर झाले नाही तर जागा पुढच्या मुलाला जाते.